डिझायनरकडे जायच्या आधी आठ दिवस आपल्याच ओट्याकडे बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सुदामा नगरमधलं जुनं स्वतःचं घर, स्वयंपाकघर ८ बाय ११ फूट, ते सगळं काढून नवं करायचंय. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई, सत्तरी उलटलेली, गुडघे दुखतात तरी पोळ्या त्याच करतात. एका शोरूमने फुकटात कॉम्प्युटरवरचं थ्रीडी चित्र काढून दिलंय, दिसायला झकास आहे पण तुम्हाला "काहीतरी चुकतंय, काय ते सांगता येत नाही" असं वाटतंय. एक डिझायनर बाई काम सुरू व्हायच्या आधी फी मागतायत. आणि मिस्टरांचं म्हणणं, ओळखीचा सुतार आहे, नकाशा काढायला कशाला कोणाला पैसे द्यायचे. तर डिझायनर करायचा का, आणि केला तर पहिल्या भेटीत त्यांना सांगायचं काय.

मी इंदुरातच २२ वर्षं स्वयंपाकघरं आखायचंच काम करतेय, त्यामुळे जे सांगते ते आपल्याकडच्या घरांवरून सांगते. मला विचाराल तर डिझायनर की सुतार हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. तुमच्या स्वयंपाकघरात दिवसभर काय काय चालतं हे अजून कोणी विचारलेलंच नाही, अडचण ही आहे. शोरूमवाल्यांनी काय विचारलं ते तुम्हीच लिहिलंय, रंग कोणता, एल शेप की यू शेप, बजेट किती. सुतार विचारेल किती फूट आणि प्लाय कोणती. पोळ्या कोण लाटतं, कुठे उभं राहून लाटतं, भाजायला शेजारी कोण असतं, खरकटी भांडी बाई येईपर्यंत कुठे पडून असतात, वर्षाचा गहू कुठे ठेवता, हे कोणीच विचारलं नाही. त्या थ्रीडीमध्ये तुमचं घर नाहीये, म्हणून ते चुकल्यासारखं वाटतंय. तुमचं मन बरोबर सांगतंय.

आता डिझायनर लागतोच का, तर हे परिस्थितीवर आहे आणि ते मी प्रामाणिकपणे सांगते. दोन-चार वर्षांत घर विकायचं असेल, किंवा एकाच भिंतीला सरळ ओटा आहे, नळ-सिंक-गॅस आहे तिथेच राहणार आहे आणि फक्त खालची कपाटं बदलायचीत, तर चांगला सुतार पुरे होतो, फीचे पैसे चांगल्या प्लायमध्ये आणि बिजागऱ्यांमध्ये घाला. पण तुमच्याकडे सगळं उकरायचंय, सिंक हलवायचंय, वायरिंग जुनं आहे आणि एका स्वयंपाकघरात दोन पिढ्यांचे हात चालतात. अशा ठिकाणी कागदावरची चूक खोडून काढता येते, ग्रॅनाइट बसल्यावरची नाही. म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत डिझायनर करा असं आहे, पण त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका.

काय न्यायचं ते सांगते. आठ दिवस फ्रिजवर एक कागद चिकटवून ठेवा आणि जिथे जिथे अडतं तिथे एक ओळ लिहा. "कुकर उतरवला, ठेवायला जागा नाही." "मिक्सर काढायला खाली वाकावं लागलं." "मुलगा पाण्याला आला आणि तव्यासमोरून गेला." बस, एवढंच, सुंदर अक्षर नको. आणि एक दिवस सकाळी ७ ते ९ मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावून ठेवा, डबे भरायची गडबड असते ना तेव्हाच. नंतर बघाल तर स्वतःलाच कळेल की आपण फ्रिज आणि ओटा यांच्यात किती वेळा फिरतो, कोण कोणाला धडकतं, कणकेचा डबा कुठून येतो. मी स्वतः नव्या घरी पहिल्यांदा जाते तेव्हा शक्यतो स्वयंपाकाच्या वेळेलाच जाते आणि कोपऱ्यात उभी राहते. तुमच्या डिझायनर बाई अशा यायला तयार असतील तर निम्मं काम तिथेच झालं समजा.

दुसरी यादी सामानाची. आणि ही खरी मोजून करा, अंदाजाने नको. हे मी कळवळून सांगते कारण सुरुवातीच्या काळात माझ्याच हातून हे चुकलंय. एका घरी मी सगळं छान बसवलं, ड्रॉवर, ताटाळं, बरण्यांचे कप्पे, आणि एप्रिल आला, गहू आला. आपल्याकडे माळव्यात अजूनही कितीतरी घरांत वर्षाचा गहू एकदम भरतात, त्यांच्याकडे तीन क्विंटल येत होता, आणि जुनी पत्र्याची कोठी मी नकाशात धरलीच नव्हती कारण मी गेले तेव्हा ती गच्चीच्या जिन्याखाली होती आणि मी विचारलं नाही. ती कोठी शेवटी नव्या स्वयंपाकघराच्या दारात आली आणि अर्धं दार अडलं. त्या काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण त्यानंतर मी पहिला प्रश्न गव्हाचा विचारते, मग घरघंटीचा, मग उन्हाळी वाळवणाच्या डब्यांचा, आणि शेवेच्या डब्यांचाही, कारण इंदूरच्या घरात शेवेचे चार-पाच प्रकार असतातच आणि ते रोज हाताशी लागतात. तर तुम्हीही लिहा: मोठ्यात मोठं पातेलं केवढं, परात केवढी, कुकर किती, सणालाच निघणारी भांडी कोणती. परातीचा व्यास मोजा, खरंच मोजा, कितीतरी सुंदर ड्रॉवरमध्ये परात मावत नाही आणि ती मग आयुष्यभर फ्रिजमागे उभी राहते.

डिझायनर तुम्हाला "वर्क ट्रँगल" सांगतील. म्हणजे सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण, तीन बाजू मिळून साधारण १३ ते २६ फुटांत असाव्यात असा नियम, १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यावर काम झालं. त्याच्याही आधी १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं, आजच्या मॉड्युलर किचनची मुळं तिथे आहेत. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे लांबी तुमच्याइतकीच, रुंदी तुमच्याहून कमी. एकेक पाऊल वाचवायचा विचार त्यात होता आणि मला त्या कामाबद्दल फार आदर आहे. पण तो सगळा हिशोब एकटी बाई काम करतेय असं धरून होता. आपल्याकडे सकाळी एक लाटते, एक भाजते, तिसरं कोणी डबे भरतं आणि सिंकशी भांडीवाली बाई उभी असते. म्हणून मी त्रिकोण बघते जरूर, पण त्याच्या आधी दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी राहिली तर मधून तिसरं जाईल का ते बघते. तुमची रुंदी ८ फूट आहे. दोन्ही बाजूंना ओटे केले, एक २४ इंचांचा आणि समोरचा १८ इंचांचा, तर मध्ये साडेचार फूट राहतात, हे उत्तम. त्या थ्रीडीत यू शेप काढलाय असं तुम्ही म्हणता, त्याचे दोन कोपरे असतात आणि कोपऱ्यात सामान गेलं की ते काढायला महागडी फिरती जाळी लागते, ८ फुटांत मी यू शेपच्या वाटेला शक्यतो जात नाही.

आता मुख्य मुद्दा, ओट्याची उंची. इथे थोडा वेळ थांबते कारण तुमच्या घरी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

लोकमान्य नगरात एका घरी गेले होते. आजी चार फूट अकरा इंच, सून साडेपाच फूट. आजी पोळ्या लाटत होत्या आणि मी मागे उभी. खांदे पार कानाकडे चढलेले, आणि पायाखाली लाकडी पाट, जेवायला बसायचा असतो तो, मधोमध टाचांनी घासून गुळगुळीत झालेला. म्हणजे वर्षानुवर्षं त्या पाटावर चढून पोळ्या करत होत्या आणि घरात कोणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मी टेप लावला, जमिनीपासून वाकवलेल्या कोपरापर्यंत ३७ इंच. ओटा ३४ इंच, त्यावर दोन इंचांचा पोळपाट, म्हणजे लाटणं जवळजवळ कोपराच्याच रेषेत. लाटताना जोर वरून खाली द्यायचा असतो, तो खांदे उचलल्याशिवाय मिळणारच नाही. नव्या नकाशातही ओटा परत ३४ च होता, कारण सगळीकडे तेवढाच करतात.

मी त्यांच्या अंगणात विटा रचून त्यावर फळी टाकली, पोळपाट ठेवला आणि आजींना म्हटलं लाटा. मग फळीखाली पातळ पट्ट्या घालत आणि काढत गेलो, आजी दरवेळी दोनदा लाटणं फिरवून बघायच्या आणि मान हलवायच्या. ३१ इंचांवर आल्या तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत, नुसत्या लाटत राहिल्या. तोच आकडा घेतला. कोपर ३७, लाटायची जागा ३३, मध्ये चार इंच. हा हिशोब तुम्हीही घरी करू शकता: वाकवलेल्या कोपराच्या उंचीतून चार इंच वजा करा, त्यातून पोळपाटाची उंची वजा करा. चिरायला-कापायला तोच हिशोब पोळपाट न धरता. आणि भाजी परतायला भांड्याची आणि शेगडीची उंची वर येते, म्हणून वर ठेवायची शेगडी असेल तर ओटा तेवढा खाली लागतो, ग्रॅनाइट कापून आत बसवायचा हॉब असेल तर तो फरक बराच कमी होतो. हॉब घ्यायचा की शेगडी हे आधी ठरवा, ओटा नंतर, लोक नेमकं उलटं करतात.

तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणजे त्यांना उभ्याने नाही, बसून लाटता आलं पाहिजे. माझं सुचवणं असं की ओट्याचा तीनएक फुटांचा तुकडा खाली घ्या, साधारण २८ इंचांवर, जेवणाच्या टेबलापेक्षा किंचित कमी, आणि त्याच्याखाली कपाट करू नका, पाय जायला जागा मोकळी ठेवा. पाठ असलेली घट्ट खुर्ची, चाकांची अजिबात नको. बाहेर ओढायची फळी शोरूममध्ये दाखवतील, दिसायला छान असते पण लाटण्याचा जोर आला की ती हलते, म्हणून पक्का दगडच बरा. आणि हा तुकडा शेगडीपासून एका हाताच्या अंतरावर हवा, कारण त्या लाटणार आणि तुम्ही भाजणार, पोळी हातातून हातात जायला पाहिजे. पण तव्याची वाफ आणि तेलाचे शिंतोडे थेट त्यांच्या तोंडावर नकोत, म्हणून मध्ये दीड-दोन फुटांची मोकळी जागा ठेवा, तिथेच पोळ्यांचा डबा राहील. सासूबाईंना विचारून करा हं हे. "आता बसून करा" असं परस्पर ठरवलं तर वाईट वाटू शकतं, त्यांना नकाशा दाखवा, टेप त्यांच्याच हातात द्या.

आता खरकटं. आपल्या स्वयंपाकघरात खरकटं आणि चांगलं वेगळं ठेवायची पद्धत आहे आणि ती नुसती सोवळ्याची गोष्ट नाही, स्वच्छतेचीही आहे. रात्रीची भांडी सकाळी बाई येईपर्यंत पडतात कुठे? सिंकमध्येच ना? मग सकाळी चहाचं पाणी भरायला, तांदूळ धुवायला सिंक मोकळं मिळत नाही. जागा असेल आणि मागच्या बाजूला मोरी असेल तर भांड्यांसाठी खोलगट सिंक तिकडे करा आणि आत एक छोटं सिंक फक्त भाजी-तांदळाला. मागे जागा नसेल तर एकच मोठं सिंक, पण शेजारी उताराचा दगड, कड उचललेली, म्हणजे भांडी तिथे रचता येतील आणि पाणी परत सिंकमध्ये जाईल. धुतलेल्या भांड्यांची टोपली कुठे ठेवायची हेही नकाशात दिसलं पाहिजे. थ्रीडीत ओटा नेहमी रिकामा असतो, एक लिंबांची वाटी आणि एक झाड. त्यावर टोपली, पाण्याचा माठ, मिसळणाचा डबा आणि तेलाची बुधली ठेवून बघा, मग किती ओटा उरतो ते कळेल.

कचऱ्याचं तर इंदूरला वेगळंच आहे आणि बाहेरच्या कंपनीच्या नकाशात ते कधीच नसतं. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत पहिलं येतंय ते घराघरातून कचरा वेगळा होऊन गाडीत जातो म्हणून. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक, गाडीत सगळ्यांचे कप्पे वेगळे. शोरूमवाले सिंकखाली एक गोल डबा लावून देतात, दार उघडलं की झाकण उघडतं, तो आपल्या काय कामाचा? स्वयंपाकघरात निदान ओला, सुका आणि प्लास्टिक असे तीन डबे पाहिजेत आणि ते सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की दोन मिनिटांत उचलून नेता आले पाहिजेत. मी चिरायच्या जागेच्या बरोबर खाली ओल्याचा डबा देते, बाहेर सरकणाऱ्या ट्रॉलीत, आणि तिथेच मागे बाकीचे दोन. उरलेले प्रकार गच्चीच्या जिन्याखाली किंवा पडवीत चालतील, ते रोजचे नसतात.

पाण्याचंही लिहून घ्या. नर्मदेचे नळ एक दिवसाआड, मधल्या दिवशी टाकी किंवा बोअरिंग. प्यायचं पाणी भरून ठेवायला जागा लागते, माठाला खाली ओल झिरपेल अशी दगडी जागा लागते, लाकडाच्या कपाटावर माठ ठेवलात तर एका उन्हाळ्यात लॅमिनेट फुगतं. बोअरिंगचं पाणी जड असतं, त्याचे पांढरे डाग एकदम काळ्या ग्रॅनाइटवर आणि चकचकीत नळावर फार दिसतात, म्हणून ठिपक्यांचा मध्यम रंगाचा दगड घ्या.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर पहिल्या भेटीला आठ दिवसांचा कागद, सामानाची मोजून केलेली यादी, दोघींच्या कोपरांची मापं, आणि खरकटं-कचरा-पाणी-गहू यांची चार उत्तरं, एवढं घेऊन जा. रंग आणि शटरचे फोटो शेवटच्या भेटीला नेले तरी चालतील.

पुढचा भाग भिंतीच्या आतला, आणि डिझायनरची फी खरी इथे वसूल होते. जुन्या घरात स्वयंपाकघरात दोन-तीन पॉइंट असतात आणि सगळे त्यावरच एक्स्टेन्शन लावून चालतात. तुम्ही आत्ता आणि पुढच्या दहा वर्षांत काय काय लावाल ते सगळं लिहा: फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, आरओ, चिमणी, इंडक्शन, गीझर, घरघंटी, कदाचित डिशवॉशर. गरम करणाऱ्या आणि मोठी मोटर असणाऱ्या वस्तूंना १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट, त्यांची वायर सरळ बोर्डापासून वेगळी, मी तिथे ४ स्क्वेअर एमएमची घालायला लावते. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा, ओले हात आणि वीज एकाच खोलीत असतात. मिक्सरचा पॉइंट तुम्ही मिक्सर जिथे चालवता तिथेच हवा, सिंकच्या वर नको, शेगडीच्या मागे तर नकोच.

गॅसबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीशी साचतो, म्हणून सिलेंडरच्या कपाटाला खालच्या बाजूला हवा जायला जाळी पाहिजेच, आणि ते कपाट खोलीच्या हवेला उघडं पाहिजे, घट्ट बंद नाही. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर जातो, त्याच्यासाठी वरच्या बाजूला हवा खेळती हवी. तुमच्या गल्लीत अवंतिका गॅसची, म्हणजे पाइपच्या गॅसची लाइन आली असेल किंवा येणार असेल तर दोन्ही जाळ्या आत्ताच ठेवा, आणि पाइप भिंतीत गाडू नका, दिसता राहिला पाहिजे. लाइन बदलली की शेगडीचे जेट (गॅस बाहेर येतो ती बारीक तोंडं) पण बदलावे लागतात, ते त्यांच्याच माणसाकडून.

चिमणीचं म्हणाल तर किती सक्शनची घेता त्यापेक्षा तिचा पाइप किती लांब आणि किती वळणांचा हे जास्त महत्त्वाचं. सहा इंचांचा पाइप, सरळ मागच्या भिंतीतून बाहेर, एकच वळण, असं जमलं तर मध्यम चिमणीही फोडणीचा धूर ओढते, आणि दहा फूट फिरवून तीन वळणं दिलीत तर सगळ्यात महागडीसुद्धा नुसता आवाज करते. भोक कुठे पाडायचं हे टाइल्स लागायच्या आधी ठरतं. शेगडीपासून उंची कंपनीच्या पुस्तकात असते, साधारण २६ ते ३० इंच. आणि खिडकीच्या बरोबर समोर शेगडी नको, ज्योत वाऱ्याने वाकते.

तुम्ही हॉलची भिंत काढून ओपन किचन करायचं का असंही विचारलंय. इतक्या जुन्या घरात विटांच्या भिंतीवरच स्लॅब टेकलेला असू शकतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितल्याशिवाय एक वीटही काढू नका, सुताराने नाही, मिस्त्रीने नाही आणि डिझायनरनेही "काही होत नाही" म्हटलं तरी नाही. भिंत तशीच ठेवून तिच्यात तीन फुटांची देवाणघेवाणीची खिडकी केली तरी बरंच मोकळं वाटतं, पण तेही विचारूनच.

मटेरियल थोडक्यात. सिंकच्या खाली आणि जिथे जिथे पाणी आहे तिथे आयएस ७१० (हा भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेली मरीन प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधली बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तग धरणारी, चालते. ७१० च्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासायचा नियम आहे, म्हणून ती टिकते. सुताराकडून उरलेला एक तुकडा मागून घ्या आणि घरी चार-पाच तास उकळून बघा, थर सुटले तर माल परत. कापलेल्या कडा सील झाल्या पाहिजेत, पाणी तिथूनच शिरतं. ओट्याला ग्रॅनाइट. क्वार्ट्झ सुंदर दिसतं पण त्यात रेझिन असतं, गॅसवरून उतरवलेली कढई सरळ ठेवलीत तर डाग पडतो आणि तो जात नाही, आपल्या घरात रोज कोण लक्ष ठेवणार. ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक चर मारून घ्या, म्हणजे पाणी ओघळून कपाटाच्या दारावर येत नाही, हे खर्चाचं काम नाही पण सांगावं लागतं. खाली कपाटांपेक्षा ड्रॉवर जास्त घ्या, गुडघ्यांसाठी.

आता फीचं. शोरूमचं डिझाइन फुकट नसतं, त्याचे पैसे कपाटांच्या दरात असतात, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त ते तुम्हाला त्यांचा माल बसेल तसंच आखून देणार. फी घेणाऱ्या डिझायनर बाईंना स्पष्ट विचारा की पैशांत काय काय मिळणार. मला विचाराल तर निदान एवढं लेखी पाहिजे: वरून दिसणारा मापांचा नकाशा, प्रत्येक भिंतीचा समोरून नकाशा, नळ-ड्रेनेजचा वेगळा, विजेच्या पॉइंटचा उंचीसकट वेगळा, प्रत्येक कपाटाच्या आत काय आहे त्याची यादी, किती वेळा बदल करून देणार, आणि काम चालू असताना किती वेळा येणार. नुसती थ्रीडी चित्रं म्हणजे नकाशा नाही, मिस्त्री त्यावरून भोक पाडू शकत नाही. कोटेशन रनिंग फुटाने, म्हणजे लांबीच्या दर फुटाला एकच दर असं, आलं तर तुलना करूच नका, त्यात ड्रॉवर किती, ते सरकायचे चॅनल कोणते, जाळ्या धरल्या की नाही काहीच कळत नाही. कपाटागणिक दर मागा, जीएसटी धरून की वेगळा ते लिहून घ्या. आणि फी कामाच्या टप्प्यांवर द्या, सगळी आधी नको.

डिझायनर पारखायची माझी एकच रीत आहे. त्यांनी तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं स्वयंपाकघर दाखवायला सांगा, नवं कोरं नको. तिथे गेलात की सिंकखालचं दार उघडा, खाली वाका, मागच्या कोपऱ्यात हात फिरवा. फुगलेलं, काळं पडलेलं, कुबट वास येणारं असेल तर नमस्कार करून निघा. आणि त्या घरच्या बाईंना विचारा, रोज कशाचा त्रास होतो? त्या जे सांगतील ते कुठल्याही फोटोत नसतं.

मिस्टरांचंही बरोबर आहे हं. ओळखीचा सुतार हातचा सोडू नका. डिझायनरकडून नकाशे पूर्ण घ्या आणि काम सुताराकडून करून घ्या, ही पद्धत मी कितीतरी घरी चालवलीय आणि बजेटमध्ये बसते. फक्त सुताराला पहिल्या मीटिंगला बसवा, त्याच्या मागे ठरवून त्याच्या हातात कागद दिलात तर तो मनापासून करत नाही. आणि कपाटांची मापं टाइल्स आणि ग्रॅनाइट बसल्यावर परत घ्यायला सांगा, जुन्या घराच्या भिंती सरळ नसतात, अकरा फुटांत इंच-दीड इंचाचा फरक मी नेहमी बघते.

वेळेचं म्हणाल तर माझ्याकडे असं पूर्ण काम दोन ते अडीच महिने घेतं. दिवाळीला नवं हवं असेल तर नकाशे जूनमध्येच पक्के पाहिजेत, दसऱ्यानंतर कुठलाच सुतार वेळेवर येत नाही. तोवर पडवीत शेगडी, एक टेबल आणि पाण्याचं पिंप अशी तात्पुरती सोय करा, शेगडी सिलेंडरपेक्षा उंचावर ठेवा.

स्वयंपाकघराचं दार आणि खिडकी कुठल्या भिंतीला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, आणि मागे मोरी आहे का तेही नाही. ते कळवा, सासूबाईंना खुर्चीवर बसवून त्यांच्या कोपराचं माप घ्या आणि तेही लिहा. मग समोरासमोर दोन ओटे बरे की एल, आणि तो २८ इंचांचा तुकडा नक्की कुठे बसेल, ते मी सांगते.